सापडलेल्या वस्तूचा पत्ता

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचा बुंधा खणताना जमिनीत चार ओतीव मूर्ती सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरले. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि त्यातला उभा सारथी अवघा १६ सेंटिमीटरचा, म्हणजे पुरता वीतभरही नाही. गेंडा चाकांच्या आसांना जोडलेल्या दोन आडव्या दांड्यांवर उभा आहे, आणि रेडा चाके लावलेल्या पाटावर. हत्तीही तशाच पाटावर उभा आहे, पण त्याची चाके आणि आस मिळालेले नाहीत.

महाराष्ट्राच्या मातीतून निघालेल्या धातूच्या वस्तूंमध्ये या मूर्तींच्या तोडीचे फारसे काही नाही. तरीही त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. म. के. ढवळीकर, एस. आर. राव, म. न. देशपांडे आणि सा. अ. साळी या मंडळींनी त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या, म्हणजे जवळपास चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील अर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवले. ते एक टक्क्याहून अधिक आहे आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंशी जुळत नाही, म्हणून या मूर्ती बऱ्याच नंतरच्या ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील, असे त्यांचे मत पडले. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या विषयात अधिकारी होते. वाद मिटत नाही याचे कारण त्यांच्या विद्वत्तेत नाही. मूर्ती थराथराने केलेल्या उत्खननात मिळाल्या नाहीत, एवढेच ते कारण आहे. त्या कोणत्या थरात होत्या, त्यांच्याभोवती कोणती खापरे होती, वरून खड्डा खणून कोणी नंतर पुरल्या होत्या की काय, हे सांगणारी माती मूर्ती उचलताच विस्कटली. दायमाबादचे स्थळ तोवर अज्ञातही नव्हते. १९५८ मध्येच त्याची नोंद झाली होती आणि तिथे एकदा उत्खननही झाले होते.

त्या शेतकऱ्याला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात नाही. त्याने त्या मूर्ती मोडीत घातल्या नाहीत, हे त्याचे आपल्या सर्वांवर ऋण आहे. मला बोलायचे आहे ते आपल्या व्यवस्थेबद्दल. जमिनीतून निघालेल्या वस्तूचा निदान अर्धा अर्थ तिच्या जागेत असतो. आपला कायदा, आपला बाजार आणि संग्राहकांविषयीचा आपला आदर हे तिन्ही मात्र वस्तूकडेच पाहत आले आहेत. ही नजर बदलायची असेल तर सुरुवात वस्तू ज्याच्या कुदळीला लागते त्या माणसापासून करावी लागेल. त्यासाठी १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा बदलणे आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या वस्तूंची ओढ आजकालची नव्हे. बाबिलोनचा राजा नबोनिडस याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सिप्पर येथील सूर्यमंदिराचा पाया उकरून अक्कडच्या नराम-सिन राजाचा पायाभरणीचा लेख शोधून काढला आणि तो ३,२०० वर्षांपूर्वीचा असल्याचे लिहून ठेवले. हिशोब जवळजवळ दीड हजार वर्षांनी चुकला होता. परंतु असे जुने लेख सापडले की तो त्यांना तेल लावी, बळी अर्पण करी, शेजारी आपला लेख ठेवी आणि जुना लेख पुन्हा जागच्या जागी ठेवून देई. त्यामागे धर्मभावना होती, अभ्यास नव्हता, हे खरे. तरीसुद्धा वस्तू आणि जागा यांची फारकत करू नये ही जाण त्यात दिसते, आणि नंतरच्या अनेक संग्राहकांकडे ती नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणवले, एक टोपऱ्याहून आणि एक मेरठहून. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने टोपऱ्याच्या स्तंभाच्या प्रवासाचे वर्णन केले आहे. स्तंभ आडवा करताना खाली कापसाच्या गाद्या घातल्या, तो बोरू आणि कच्च्या कातड्यांनी गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि पुढे यमुनेतून नावांवर लादून नेला. त्यावरचा लेख वाचण्यासाठी पंडितांना बोलावले, पण कोणालाही तो वाचता आला नाही. पुढे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा कळले की हे शब्द अशोकाचे आहेत. आज हा स्तंभ दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभा असूनही अभ्यासक त्याला दिल्ली-टोपरा स्तंभ म्हणतात, ते त्या काळी कोणीतरी त्याचे मूळ गाव लिहून ठेवले म्हणून. एका बखरकाराच्या दोन ओळींनी त्या दगडाचा पत्ता साडेसहाशे वर्षे टिकवला.

युरोपात मात्र पुढे संग्रह हा सत्तेचा आणि प्रतिष्ठेचा विषय झाला. लॉर्ड एल्गिनने १८०१ पासून अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पे उतरवून नेली आणि ब्रिटिश पार्लमेंटने ती १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना विकत घेतली. तो वाद मालकीचा आहे आणि आजही चालू आहे. शिल्पे कोणत्या भिंतीवर कुठे होती हे निदान ठाऊक तरी आहे. ज्या असंख्य वस्तूंबद्दल तेही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी कोणी भांडत नाही, कारण भांडायचे कोणत्या गावाच्या वतीने हेच कळत नाही.

आपल्या प्रांतात या विषयाला शिस्त आली ती डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यामुळे. भगवानलालांनी १८८२ मध्ये नालासोपारा येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो बौद्ध स्तूप निघाला. मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक मिळाले. आतमध्ये मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. बुद्धाचे भिक्षापात्र म्हणून ते कोणीतरी श्रद्धेने जपलेले. सोबत सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते. तांब्याच्या करंडकाभोवती मात्र धातूच्या आठ मूर्ती मांडलेल्या होत्या, सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची.

आता या मांडणीचे महत्त्व पाहा. नाणे दुसऱ्या शतकातले आहे आणि मूर्ती घडणीवरून त्यानंतर कित्येक शतकांच्या आहेत. म्हणजे मूळ स्तूप बांधल्यावर दीर्घ काळाने कोणीतरी तो उघडला, आतल्या पवित्र अवशेषांना हात न लावता भोवती मूर्ती ठेवल्या आणि तो पुन्हा बंद केला. सोपाऱ्याच्या बौद्ध वस्तीचे एवढे दीर्घ आयुष्य आपल्याला समजले ते कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाच्या बाहेर होती याची नोंद झाल्यामुळे. हेच करंडक, हेच नाणे आणि त्याच आठ मूर्ती एखाद्या दलालाच्या हातून वेगवेगळ्या कपाटांत गेल्या असत्या, तर प्रत्येक वस्तू सुंदरच दिसली असती आणि मूर्तींचा नाण्याशी काही संबंध आहे याची शंकाही कोणाला आली नसती.

याच भगवानलालांना १८६९ मध्ये मथुरेत सिंहांची जोडी कोरलेले स्तंभशीर्ष मिळाले. ते शीतलादेवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत बसवलेले होते. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, कारण मृत्युपत्राने त्यांनी ते तिथेच दिले. मला याची हळहळ वाटते, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. लंडनमध्ये असलेली, पण कुठल्या पायरीतून काढली हे ठाऊक असलेली वस्तू अभ्यासकाला जेवढे सांगते, तेवढे आपल्याच दिवाणखान्यातली बिनपत्त्याची मूर्ती सांगू शकत नाही. हे विधान अनेकांना रुचणार नाही. परदेशी गेलेल्या वस्तू परत आणण्याच्या मागणीला माझा पाठिंबाच आहे. मात्र ती मागणी करताना आपल्या गावात आज सकाळी सापडलेल्या वस्तूचे काय झाले, हा प्रश्न आपण विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

नाशिक जिल्ह्यातले जोगळटेंभी हे याबाबतीत सर्वांत मोलाचे उदाहरण आहे. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळच्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, प्रत्येक जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅमची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. असे एखादे नाणे तिरप्या उजेडात धरून पाहावे. तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनीचे चिन्ह ठळक उठलेले दिसते, आणि त्याच्या कडेने नहपानाचे नाक, हनुवटी आणि ग्रीक अक्षरांचे तुटके शेपूट अजून डोकावत असते. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाच्या तोंडावर मारलेला तो ठसा आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाला क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा म्हटले आहे. ती केवळ आईची स्तुती नव्हती, हे या साठ्याने दाखवून दिले.

ते एका नाण्याने दाखवता आले नसते. ठसा मारलेली किती आणि न मारलेली किती, हे प्रमाण महत्त्वाचे होते, आणि सगळी नाणी एकत्र होती म्हणूनच ते मोजता आले. साठा सराफाकडे गेला असता तर पंचवीस-तीस किलो चांदी झाली असती. थोडी थोडी करून विकली गेली असती तर संग्राहकांच्या वह्यांत ‘नहपान, पुनर्मुद्रित, चांगली स्थिती’ एवढाच शेरा उरला असता.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी पथारीवर शिवराई नाणी चाळत बसलो आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ अशी अक्षरे असलेले ते तांब्याचे जाड तुकडे पाहताना मन भरून येते. विक्रेत्याला विचारले की ही कुठून आली, तर उत्तर मिळते, ‘गावाकडून.’ त्याहून अधिक त्याला ठाऊकही नसते. नाणे तीन हातांतून त्याच्याकडे आलेले असते आणि वाटेत कोणीतरी ते चिंचेने घासून लख्ख केलेले असते. ज्या मडक्यात नाणी होती ते मडके तर तिथेच फोडून टाकलेले असते. खरे पाहता त्या मडक्याच्या घडणीवरून ठेव केव्हा पुरली याचा अंदाज येतो, आणि नाण्यांवरच्या हिरव्या गंजात कधी कधी पुरचुंडीच्या कापडाची वीणही उमटलेली असते. चिंचेच्या एका हाताने ती जाते.

संग्राहकांचा मी अनादर करत नाही. दिनकर केळकरांनी घरोघर हिंडून अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या गोळा केल्या नसत्या तर जुन्या मराठी घराचे अंतरंग आपल्याला पाहता आले नसते, आणि १९७५ मध्ये तो सगळा ठेवा त्यांनी शासनाला देऊन टाकला, हा त्याग थोर आहे. परंतु माजघरातून मागून आणलेला अडकित्ता आणि जमिनीतून उकरलेली मूर्ती यांत फरक करायला हवा. अडकित्ता वापरणारी माणसे बोलू शकत होती. जमिनीतल्या वस्तूच्या बाजूने बोलणारी फक्त तिच्याभोवतालची माती असते.

आता कायद्याकडे पाहू. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते: काय सापडले, कुठे सापडले, केव्हा सापडले. न कळवल्यास त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. इथपर्यंत सर्वांना थोडेफार ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. ठेव बेवारस ठरली आणि जमीनमालकाशी वेगळा समझोता नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा, अशी वाटणीही याच कायद्यात सांगितली आहे. म्हणजे कायदा सापडणाऱ्याला चोर मानत नाही. पण सरकारला ती ठेव स्वतःकडे घ्यायची झाल्यास द्यावयाची रक्कम ठरलेली आहे: वस्तू ज्या पदार्थाची बनली त्याची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा हिस्सा.

या एका कलमात सारा घोटाळा आहे. सोन्याच्या मोहरांना हा हिशोब एक वेळ बरा म्हणता येईल. तांब्याच्या नाण्यांना, ताम्रपटाला, खापरी मूर्तीला, दगडी शिल्पाला तो लावून पाहा. दायमाबादच्या चार मूर्तींचे मोल या हिशोबाने साठ किलो तांब्याचा भाव आणि वर एक पंचमांश एवढे होते. दलाल यापेक्षा अधिक देतो, रोख देतो आणि पंचनामा करत नाही. मग शेतकऱ्याने कोणाकडे जावे अशी आपली अपेक्षा आहे? कायदा जागाही विचारतो, परंतु ती जमिनीचा मालक कोण हे ठरवण्यासाठी. किती खोलीवर, कोणत्या मातीत, कशाशेजारी, हे प्रश्न त्याच्या मसुद्यात नाहीत. वस्तू जमा करण्याची घाई त्यात आहे आणि मातीला हात न लावण्याची सूचना नाही. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने परदेशी विक्री रोखण्याचा मोठा प्रयत्न केला आणि तो आवश्यकच होता. शेताच्या बांधावर काय घडते, तिथपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही.

भीतीचे वातावरणही कमी नाही. हंडा सापडल्याची कुजबुज गावात सुरू झाली की आधी मांत्रिक येतो, मग दलाल, आणि शेवटी पोलीस. गुप्तधनाच्या नादात नरबळीसारखे भयंकर गुन्हेही आपल्याकडे झाले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने सापडणाऱ्याला बाजारभावाएवढा मोबदला देण्याची पद्धत पक्की झाली आणि १९९७ पासून साध्यासुध्या वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद घेणारी योजना सुरू झाली. तीत दहा लाखांहून कितीतरी अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक वस्तू नोंदीनंतर सापडणाऱ्याकडेच परत जातात, कारण योजनेला वस्तूपेक्षा माहिती हवी असते. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधील शेतात सोन्याचा मोठा साठा मिळाला, तेव्हा समितीने ठरवलेले सुमारे ३३ लाख पौंड सापडणारा आणि शेतमालक यांत निम्मे निम्मे वाटले गेले आणि साठा जवळपासच्याच दोन संग्रहालयांनी मिळून घेतला.

यावर आक्षेप येईल की पूर्ण किंमत मिळू लागली तर लोक कुदळी घेऊन प्रत्येक टेकाडावर तुटून पडतील. आक्षेप गंभीर आहे. इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्रे घेऊन हिंडणाऱ्यांची संख्या वाढली, ही त्या पद्धतीची किंमत आहे, आणि तिची जशीच्या तशी नक्कल मला नको आहे. मोबदला मिळावा तो नांगरताना, विहीर वा पाया खणताना अकस्मात सापडलेल्या वस्तूला. शोधत हिंडून उकरणाऱ्याला आणि संरक्षित स्थळी हात घालणाऱ्याला काहीही मिळू नये. ज्याने वस्तू हलवण्याआधी कळवले आणि माणूस येईपर्यंत खड्डा झाकून ठेवला, त्याला सर्वांत अधिक मिळावे. असे केले तर पैसा वस्तूबरोबर जागेलाही मिळेल. एवढा पैसा शासनाकडे कुठून येणार, असेही विचारले जाईल. जमिनीतून निघणाऱ्या बहुतेक वस्तू खापरे, मणी आणि तांब्याची नाणी अशाच असतात. त्यांची किंमत मोठी नसते आणि त्या सगळ्या विकत घेण्याची गरजही नसते. नोंद करून त्या परत देता येतील.

वस्तू शक्यतो तिच्या मुलुखात राहिली पाहिजे, हाही याच विचाराचा भाग आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेला, समुद्रदेव पोसायडनचा लहानसा रोमन पुतळा आजही कोल्हापुरातच टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. पंचगंगेच्या काठावरून उठून पोराला तो दाखवायला नेता येते. आपण दिलेली वस्तू मुंबई-दिल्लीच्या गोदामात नाहीशी होणार नाही, तालुक्याच्या ठिकाणी आपल्या गावाच्या नावासह मांडली जाईल, हा भरवसा कित्येकांना पैशाहूनही मोठा वाटेल.

यातले सर्वांत सोपे काम महसूल खाते उद्याही सुरू करू शकेल. आपल्या भाषेत शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांच्या राख, शेण, कुडाच्या भिंती आणि खापरांनी माती पांढुरकी होते, म्हणून ते नाव. ओसाड पडलेल्या गावांच्या पांढरी आजही नदीकाठांवर टेकाडांच्या रूपाने उभ्या आहेत, आणि घरांच्या धाब्यांसाठी, म्हणजे मातीच्या सपाट छपरांसाठी, शेतात टाकण्यासाठी, अलीकडे रस्त्यांच्या भरावासाठी त्यांची माती ट्रॅक्टरने वाहून नेली जात आहे. ही टेकाडे गावातल्या म्हाताऱ्यांना नावानिशी ठाऊक असतात. ज्या गटात अशी पांढर असेल त्या गटाच्या सातबारावर, इतर अधिकारांच्या रकान्यात, तलाठ्याने एक ओळ लिहावी: या जमिनीत जुनी वस्ती आहे, खोदण्याआधी कळवावे. खाली जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असावा, आणि तो उचलणारा माणूस त्या खुर्चीवर असावा.